हाड ज्याला धरते, त्या पृष्ठभागाची नोंद हवी : औषध महानियंत्रकांना खुले पत्र

प्रति,
माननीय औषध महानियंत्रक (भारत),
केंद्रीय औषध मानक नियंत्रण संस्था,
नवी दिल्ली.

विषय : सिमेंटविरहित कृत्रिम सांध्यांच्या पृष्ठभागाची मानके, स्वच्छता आणि नोंद.

महोदय,

पुण्याजवळच्या एका औद्योगिक वसाहतीत मी गेली बावीस वर्षे प्लाझ्मा स्प्रे कोटिंगचे, म्हणजे अतितप्त वायूच्या झोतातून वितळलेल्या पावडरीचा लेप चढवण्याचे, काम करतो. सुरुवातीची दहा वर्षे पंपांचे शाफ्ट आणि स्लीव्ह यांच्यावर लेप चढवण्यात गेली. त्यानंतर खुब्याच्या आणि गुडघ्याच्या कृत्रिम सांध्यांवर टायटॅनियमचा किंवा हायड्रॉक्सिॲपेटाइट या हाडासारख्या खनिजाचा लेप देणे हेच माझे रोजचे काम झाले. जे सांगणार आहे ते या कामातून शिकलो, पण पत्र लिहायला बसवले ते माझ्या आईच्या खुब्याने.

आई चौसष्टाव्या वर्षी न्हाणीघरात घसरून पडली आणि तिच्या मांडीच्या हाडाची मान मोडली. हाड चांगले आहे, तेव्हा बोन सिमेंट, म्हणजे सांधा हाडात पक्का करणारा भराव, न वापरता सांधा बसवू, असे सर्जन म्हणाले आणि आम्हालाही ते पटले. सात-आठ महिन्यांनी तिची मांडी दुखू लागली. खुर्चीतून उठल्यावर पहिली चार-पाच पावले टाकताना कळ यायची, चालता चालता ती ओसरायची, आणि बसून उठले की पुन्हा तेच. एक्स-रेमध्ये स्टेमच्या, म्हणजे मांडीच्या हाडाच्या पोकळीत बसवलेल्या धातूच्या दांड्याच्या, भोवती एक बारीक काळी रेषा दिसत होती. अखेर दोन वर्षांनी सांधा बदलावा लागला. हाडाने घट्ट धरलेला स्टेम काढायचा तर लवचिक पात्यांनी तो कडेकडेने सोडवत जावे लागते, प्रसंगी हाड उभे चिरावे लागते. आईचा स्टेम दोन-तीन ठोक्यांत बाहेर आला, असे सर्जनांनीच मला सांगितले.

तो स्टेम मी रीतसर अर्ज करून मागून घेतला आणि आमच्या कारखान्यातल्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. खडबडीत पृष्ठभागावरच्या खळग्यांत हाडाचा एकही कण नव्हता. होता तो तंतुमय ऊतीचा पातळ पापुद्रा, लसणाच्या पाकळीवरच्या सालीसारखा, चिमट्याने धरताच निघून येणारा.

असे का झाले याचे एकच उत्तर देता येत नाही, हे मला ठाऊक आहे. स्टेमचे माप एखाद्या आकड्याने लहान पडले असेल, पहिल्या आठवड्यांत पायावर भार जास्त पडला असेल, आईचे हाड वाटले तेवढे चांगले नसेल, किंवा पृष्ठभागातच काही उणे असेल. मी कोणावर ठपका ठेवत नाही. माझी तक्रार अशी की, यातले शेवटचे कारण खरे की खोटे हे तपासायचा मार्गच माझ्यापुढे नव्हता. केस पेपरवर चिकटवलेल्या स्टिकरवर कंपनीचे नाव, माप, बॅच नंबर आणि ‘अनसिमेंटेड’ हा शब्द, एवढेच होते. पृष्ठभाग नुसता ग्रिट ब्लास्टिंग केलेला, म्हणजे कणांचा मारा करून खडबडीत केलेला, होता की त्यावर एखादा लेप होता आणि तो विरघळून गेला होता, हे सर्जनांना माहीत नव्हते. पुरवठादाराने माझ्या पत्राला उत्तर दिले की ही माहिती व्यावसायिक गोपनीयतेत मोडते. दिवसभर हेच काम करणाऱ्या माणसाला आपल्या आईच्या हाडात काय बसवले होते ते कळू शकले नाही, तर इतरांनी कोणाकडे पाहावे?

महोदय, आपल्या कार्यालयात या विषयाचे जाणकार आहेत. तरीही हे पत्र खुले असल्याने, आणि सांधा बदलून घेणाऱ्या घरांतही ते वाचले जावे अशी माझी इच्छा असल्याने, मूळ गोष्ट थोडी विस्ताराने सांगतो.

कृत्रिम सांधा हाडात धरून ठेवण्याचे दोन मार्ग आहेत. इंग्लंडमधील राइटिंग्टन रुग्णालयात जॉन चार्नली यांनी १९६२ पासून रूढ केलेला मार्ग सिमेंटचा आहे. त्यात धातू आणि हाड यांच्यामधली पोकळी ॲक्रिलिक सिमेंटने भरली जाते आणि सांधा काही मिनिटांत पक्का होतो. दुसऱ्या मार्गात मध्ये काहीच नसते, हाडाने स्वतःच धातूला धरायचे असते. हे शक्य आहे याचा ठळक पुरावा स्वीडनमध्ये मिळाला. १९५२ मध्ये लुंड येथे पेर-इंग्वार ब्रोनेमार्क सशांच्या हाडातील रक्ताभिसरणाचा अभ्यास करत होते; त्यासाठी हाडात बसवलेली टायटॅनियमची छोटी कुपी काम संपल्यावर निघेना, कारण हाड तिला चिकटून वाढले होते. दातांच्या इम्प्लांटचे आजचे शास्त्र त्या न निघालेल्या कुपीतून उभे राहिले.

पण टायटॅनियम असले म्हणजे झाले, असे नाही. गुळगुळीत पृष्ठभागाला हाड टेकते, पण ओढ बसली की सुटते. पकड येण्यासाठी पृष्ठभागाला पोत लागतो, आणि तो ढोबळमानाने दोन प्रकारचा असतो. पहिल्यात हाड पृष्ठभागाच्या वर वाढते. ॲल्युमिनाच्या कणांचा जोरदार मारा करून, म्हणजे ग्रिट ब्लास्टिंग करून, धातूवर तीन ते पाच मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) सरासरी खडबडीतपणा आणला जातो. हाताला तो बारीक पॉलिश पेपरसारखा लागतो. दुसऱ्यात हाड पृष्ठभागाच्या आत वाढते. धातूचे बारीक मणी किंवा तारांची जाळी भट्टीत जोडून, किंवा वितळलेल्या टायटॅनियमचा फवारा देऊन, एकमेकांना जोडलेल्या छिद्रांचा थर तयार करतात आणि हाडाच्या पेशी रक्तवाहिन्यांसह त्यात शिरतात. ही छिद्रे साधारण १०० ते ४०० मायक्रॉनची असावीत, असे प्राण्यांवरच्या प्रयोगांतून दिसले आहे. माणसाचा केस ५० ते १०० मायक्रॉन जाडीचा असतो, म्हणजे एका छिद्रात दोन-चार केस मावावेत एवढाच हा मामला. छिद्र फार बारीक असेल तर आत हाड नीट धरत नाही. फार मोठे असेल तर ते भरायला वेळ लागतो आणि थराची ताकदही कमी होते.

आज टँटलम या धातूचा ७५ ते ८० टक्के पोकळ असलेला, अस्सल हाडाच्या जाळीसारखा दिसणारा पदार्थ मिळतो, आणि इलेक्ट्रॉन किरणाने पावडर वितळवून थरावर थर रचत छापलेल्या टायटॅनियमच्या, खुब्याच्या खोबणीत बसवायच्या वाट्याही मिळतात. पोत कसाही असो, सुरुवातीच्या आठवड्यांत धातू आणि हाड यांच्यातली हालचाल सुमारे ५० मायक्रॉनच्या आत राहिली तर हाड तयार होते, आणि ती १५० मायक्रॉनच्या पुढे गेली तर हाडाऐवजी तंतुमय ऊती तयार होते, हा नियम सगळ्यांना लागू आहे. आईच्या स्टेमवरची साल तीच होती. पोताचे पहिले काम म्हणूनच हाडाला बोलावण्याचे नसते. ते हाडाशी घर्षण निर्माण करून, हाड येईपर्यंत सांधा जागचा हलू न देण्याचे असते.

हायड्रॉक्सिॲपेटाइट हे आपल्या हाडातल्याच खनिजाच्या जातीचे कॅल्शियम फॉस्फेट. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून लंडनमध्ये आणि युरोपात इतरत्र त्याचा लेप दिलेले स्टेम वापरात आले, आणि त्यांचे दीर्घ काळाचे निकाल उत्तम आहेत. मात्र हा लेप जितका गुणी तितकाच नाजूक आहे. प्लाझ्माच्या झोताचे तापमान दहा हजार अंश सेल्सियसच्या घरात जाते. पावडरीचा कण त्यातून क्षणार्धात जातो, अर्धवट वितळतो आणि धातूवर आपटून थापटीसारखा पसरतो. झोत जास्त तापला तर खनिजाची मांडणी बिघडते, काचेसारखा अस्फटिक भाग वाढतो आणि लेप शरीरात लवकर विरघळतो. झोत कमी पडला तर कण एकमेकांना धरत नाहीत आणि लेप झडतो. फवारणाऱ्या बंदुकीचे अंतर एक-दोन सेंटिमीटरने बदलले, पावडर दमट असली, आर्गॉन वायूच्या सिलिंडरचा दाब उतरला, तरी तयार मालात फरक पडतो आणि डोळ्यांना तो दिसत नाही. दोन्ही स्टेम सारखेच पांढरे दिसतात.

त्यासाठी चाचण्या आहेत. जुन्या रुपयाच्या नाण्याएवढी, सुमारे २५ मिलिमीटर व्यासाची चकती इम्प्लांटसोबतच लेपून काढायची, तिच्यावर चिकट फिल्मने दुसरी चकती जोडायची आणि यंत्रात दोन्हीकडून ओढायची. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या मार्गदर्शनानुसार धातूच्या सच्छिद्र लेपाने अशा ओढीत २२ मेगापास्कल तग धरला पाहिजे, म्हणजे त्या नाण्याएवढ्या तुकड्यावर सुमारे अकराशे किलोचा भार पेलला पाहिजे. तिथल्या नियमांत सिमेंटविरहित खुब्याच्या सच्छिद्र लेपाची व्याख्याच आकड्यांत आहे : ३० ते ७० टक्के पोकळी, सरासरी १०० ते १००० मायक्रॉनची एकमेकांना जोडलेली छिद्रे, आणि ५०० ते १५०० मायक्रॉन जाडी. या चाचणीबद्दल अनुभवाची एक गोष्ट इथेच सांगतो. लेप पातळ आणि फार सच्छिद्र असेल तर चिकटद्रव्य छिद्रांतून झिरपून खालच्या धातूला जाऊन चिकटते, आणि मग चाचणीत लेपाची नव्हे, चिकटद्रव्याची ताकद मोजली जाते. म्हणून लेपाच्या आडव्या छेदाचे छायाचित्र आणि जाडी सोबत नसेल, तर नुसता ताकदीचा आकडा मी मानत नाही. आपल्या परीक्षकांनीही तो मानू नये.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. पोत बिनचूक असूनही हाड धरत नाही, असे कधी होते का? होते, आणि त्याचे सर्वांत मोठे उदाहरण डिसेंबर २००० चे आहे. सुल्झर या कंपनीच्या अमेरिकेतील टेक्सस राज्यातल्या ऑस्टिन येथील कारखान्यात ‘इंटर-ऑप’ नावाची खुब्याची सच्छिद्र वाटी तयार होत असे. तिची छिद्रे योग्य होती आणि धातूही योग्य होता. पण काही बॅचमध्ये यंत्रकामाला वापरलेल्या तेलाचा अंश पृष्ठभागावर राहून गेला आणि हाडाने त्या वाट्यांना धरलेच नाही. वाट्या परत मागवल्या गेल्या तेव्हा सुमारे १७,५०० वाट्या रुग्णांच्या शरीरात बसवून झालेल्या होत्या. हजारोंना पुन्हा शस्त्रक्रिया सोसावी लागली आणि नुकसानभरपाईची तडजोड सुमारे एक अब्ज डॉलरवर गेली. लेपाची ताकद मोजणाऱ्या कोणत्याही चाचणीत हा दोष दिसला नसता, कारण तो लेपात नव्हताच. तो धुण्याच्या टप्प्यात होता.

मी हे वाचले तेव्हा मला माझ्या कारखान्यातला धुण्याचा कोपरा आठवला. आमच्याकडे ब्लास्टिंगनंतर आणि लेपानंतर माल अल्ट्रासॉनिक, म्हणजे ध्वनिलहरींनी मळ सोडवणाऱ्या, टाकीतून अनेकदा काढतात, आणि मग एक जुनी मावशी, जी या कामात कोणत्याही पदवीधरापेक्षा तरबेज आहे, नमुन्याचा तुकडा शुद्ध पाण्याखाली धरते. पृष्ठभाग स्वच्छ असेल तर पाण्याचा पातळ पडदा सगळीकडे अखंड पसरतो. तेलाचा लवलेश असेल तर पडदा त्या ठिकाणी फाटतो आणि पाणी थेंबाथेंबाने गोळा होते. तिने बोट दाखवले की ती आख्खी टोपली परत टाकीत जाते. ही साधी पाहणी आहे. तिच्या जोडीला उरलेल्या कार्बनचे प्रयोगशाळेतले मोजमाप लागते. त्यातही छिद्रे जितकी खोल तितके तेल काढणे अवघड, म्हणजे हाडासाठी जो पृष्ठभाग सर्वांत चांगला तोच धुवायला सर्वांत कठीण. छापलेल्या टायटॅनियमच्या जाळीत तर न वितळलेली पावडरही अडकून बसते.

वैद्यकीय उपकरण नियम, २०१७ यांनी या क्षेत्राला शिस्त लावली, हे मी मनापासून मान्य करतो. खुब्याचे आणि गुडघ्याचे सांधे ‘सी’ (C) वर्गात आले आणि त्यांचा परवाना आपल्याकडे आला, हे चांगलेच झाले. पण या नियमांत दोन जागा मला सैल वाटतात.

पहिली जागा मानकांची. नियमांनुसार भारतीय मानक असेल तर ते पाळायचे, ते नसेल तर आंतरराष्ट्रीय मानक, आणि तेही नसेल तर उत्पादकाचे स्वतःचे प्रमाणित केलेले मानक. हायड्रॉक्सिॲपेटाइटच्या लेपाला आंतरराष्ट्रीय मानक आहे. पण नुसत्या ब्लास्टिंग केलेल्या पृष्ठभागाचा खडबडीतपणा किती असावा, त्यात रुतून राहिलेले ॲल्युमिनाचे कण किती चालावेत, छापलेल्या जाळीत सैल पावडर किती राहू द्यावी, हे बऱ्याच अंशी उत्पादक स्वतःच ठरवतो आणि स्वतःच उत्तीर्ण होतो. आपण भारतीय मानक ब्यूरोच्या मदतीने सिमेंटविरहित सांध्यांच्या पृष्ठभागासाठी एक स्वतंत्र भारतीय मानक तयार करवून घ्यावे, आणि ते होईपर्यंत परवान्याच्या अर्जात पृष्ठभागाचा प्रकार, जाडी, छिद्रांचे माप, पोकळीचे प्रमाण, खडबडीतपणा, पकडीची ताकद आणि तयार मालावरच्या अवशेषांची मर्यादा आकड्यांत लिहिणे बंधनकारक करावे, अशी माझी विनंती आहे. तपासणीची सोय आपल्या देशात आहे; तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेसारख्या ठिकाणी या विषयावर अनेक वर्षे काम झालेले आहे.

दुसरी सैल जागा मला जास्त भीतिदायक वाटते. परवाना मिळाल्यानंतर उत्पादनप्रक्रियेत केलेला बदल गुणवत्तेवर परिणाम करणारा असेल तर तो मोठा बदल ठरतो आणि आधी मंजुरी लागते. परिणाम करणारा नसेल तर तो किरकोळ ठरतो आणि नंतर कळवला तरी चालतो. कारखान्यात बसलेल्या माणसाला धुण्याचे रसायन बदलणे, यंत्राचे तेल बदलणे, टाकीतली एक फेरी कमी करणे, हे किरकोळच वाटते. ऑस्टिनच्या प्रकरणाचे बीज अशाच टप्प्यात होते. सिमेंटविरहित पृष्ठभागाच्या बाबतीत धुण्याच्या, ब्लास्टिंगच्या आणि लेपाच्या प्रक्रियेतला कोणताही बदल मोठा बदलच समजला जाईल, असे एक परिपत्रक आपण काढू शकता. त्यासाठी कायदा बदलण्याची गरज पडणार नाही, असे मला वाटते.

उद्योगातले माझे सहकारी यावर म्हणतील की खर्च वाढेल आणि गुपिते उघडी पडतील. खर्चाबद्दल माझे हिशेब मला माहीत आहेत. बॅचसोबत चार चकत्या जास्त लेपायच्या, दोन फोडून पाहायच्या आणि दोन जपून ठेवायच्या, याचा खर्च एका स्टेममागे विभागला तर तो दुसऱ्या शस्त्रक्रियेच्या भूलतज्ज्ञाच्या बिलाच्याही आसपास जात नाही. गुपिताबद्दल म्हणाल, तर बंदुकीची सेटिंग, पावडरीचा पुरवठादार, रोबोची चाल ही गुपिते आहेत आणि ती कोणी मागत नाही. लेप कशाचा आहे, किती जाड आहे आणि किती सच्छिद्र आहे, ही माहिती ज्याच्या हाडात तो बसणार आहे त्याची आहे.

म्हणूनच रुग्णाला मिळणाऱ्या कागदाबद्दलही लिहितो. इम्प्लांटसोबत येणाऱ्या स्टिकरवर, आणि रुग्णाने जपून ठेवावयाच्या कार्डावर, सांधा सिमेंटने बसवण्याचा आहे की त्याशिवाय, पृष्ठभाग कोणत्या प्रकारचा आहे आणि त्यावर कोणता लेप आहे, हे राज्याच्या भाषेत छापलेले असावे. आईला इंग्रजी येत नाही. ‘या दांड्यावर हाडासारख्या खनिजाचा लेप आहे’ हे मराठी वाक्य मात्र तिला समजले असते, आणि वजन कधी टाकायचे हे विचारण्याचे भान त्यातून आले असते.

आणि नोंदणी. स्वीडनमध्ये खुब्याच्या सांध्यांची राष्ट्रीय नोंद १९७९ पासून आहे, इंग्लंड आणि वेल्समध्ये २००३ पासून. कोणता सांधा किती वर्षांनी काढावा लागला हे तिथे पृष्ठभागाच्या प्रकारानुसार आणि कंपनीनुसार पाहता येते. आपल्याकडे सांधेरोपण करणाऱ्या सर्जनांच्या संघटनेने स्वतःहून नोंद सुरू केली, ते कौतुकास्पद आहे, पण ती ऐच्छिक आहे. ऐच्छिक नोंदीने काय होते ते २०१० मध्ये परत मागवलेल्या ‘एएसआर’ नावाच्या कृत्रिम खुब्याच्या वेळी दिसले. तिथला दोष पृष्ठभागाच्या पोताचा नव्हता, धातूवर धातू घासण्याचा होता. पण भारतात ज्यांना तो बसवला होता अशा सुमारे ४,७०० रुग्णांपैकी बहुसंख्यांचा मागच लागला नाही. उद्या एखाद्या बॅचवर तेल राहिल्याचे निष्पन्न झाले, तर ते रुग्ण आपण कसे शोधणार आहोत? प्रत्येक सांधेरोपणाची आणि प्रत्येक रिव्हिजनची, म्हणजे सांधा पुन्हा बदलण्याच्या शस्त्रक्रियेची, नोंद सक्तीची असावी, त्यात पृष्ठभागाचा स्वतंत्र रकाना असावा, आणि लूज झालेला, काढलेला प्रत्येक सिमेंटविरहित इम्प्लांट ठरावीक प्रयोगशाळेत तपासला जावा. आज ते इम्प्लांट जैविक कचऱ्याच्या पिशवीत जातात आणि त्यांच्यासोबत पुरावाही जातो.

आपल्याकडे याला निकड आहे. पाश्चात्त्य देशांत सांधा बदलणारा रुग्ण बहुधा वयस्क असतो. आपल्याकडे खुब्याच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटून सांधा गेलेले तिशी-चाळिशीतले रुग्ण मोठ्या संख्येने येतात. त्यांना सर्जन बहुतेकदा सिमेंटविरहित सांधाच सुचवतात, आणि ते योग्यच आहे, कारण पुढची तीस-चाळीस वर्षे त्यांना शेतात, रिक्षात, यंत्रावर उभे राहायचे असते. त्या सगळ्या वर्षांचा भार धातू आणि हाड यांच्यामधल्या त्या एक मिलिमीटरच्या थरावर असतो.

आईचा दुसरा सांधा सिमेंटचा आहे आणि ती आता काठीशिवाय घरात फिरते. तिचा पहिला स्टेम माझ्या टेबलाच्या खणात, स्वच्छ कापडात गुंडाळून, बॅच नंबरच्या स्टिकरसह ठेवलेला आहे. आपण एखादी प्रयोगशाळा नेमून दिलीत, तर मी तो स्वतः तिथे नेऊन देईन.

आपला विश्वासू,
कोटिंग अभियंता,
पुणे.